नऊ उत्तरांचा परवाना

शिकाऊ परवान्याची चाचणी घरबसल्या देण्याची सोय झाली आणि परिवहन कार्यालयांतील रांगा ओसरल्या. परंतु रस्त्याचे नियम तुम्हाला ठाऊक आहेत काय, हा प्रश्न शासन बहुतेक नागरिकांना आयुष्यात एकदाच विचारते. तो तरी नीट विचारला जातो का?

दहावी-बारावीच्या परीक्षा आटोपल्या आणि महाविद्यालयीन प्रवेशाची धावपळ सुरू झाली की राज्यातल्या असंख्य घरांत आणखी एका परीक्षेचा विषय निघतो. ही परीक्षा मोटार वाहन चालविण्याच्या शिकाऊ परवान्याची. तिच्यासाठी कोणी शिकवणी लावत नाही, कोणी रात्री जागवत नाही आणि उत्तीर्ण झाल्यावर शेजारीपाजारी पेढे वाटण्याचीही पद्धत नाही. आदल्या संध्याकाळी मित्राकडून मोबाइलवर प्रश्नसंच मागवायचा, तासाभरात तो डोळ्यांखालून घालायचा आणि पंधरांपैकी नऊ उत्तरे बरोबर आणून मोकळे व्हायचे, एवढीच तिची तयारी. पुष्कळ ठिकाणी तेवढेही कष्ट घेतले जात नाहीत. एजंट ‘सगळे पाहून घेतो’ आणि परवाना हाती पडतो.

इतक्या सहज मिळणाऱ्या या कागदाच्या दुसऱ्या बाजूला जे आकडे आहेत, ते मात्र सहज घेण्यासारखे नाहीत. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात देशात ४ लाख ६१ हजार ३१२ रस्ते अपघात झाले आणि त्यांत १ लाख ६८ हजार ४९१ माणसे मृत्युमुखी पडली. म्हणजे दर तासाला सरासरी एकोणीस बळी. यांतील सुमारे ७१ टक्के मृत्यू अतिवेगामुळे झालेल्या अपघातांतील होते. हेल्मेट न घातलेले ५० हजारांहून अधिक दुचाकीस्वार आणि सहप्रवासी त्या वर्षी प्राणास मुकले. ३२ हजारांहून अधिक पादचारी वाहनांखाली सापडले. खड्डे, सदोष वळणे, अपुरा प्रकाश ही कारणे आहेतच आणि त्यांची जबाबदारी शासनाने टाळू नये. पण अतिवेग, विरुद्ध दिशेने वाहन हाकणे, हेल्मेट न घालणे हे चालकाचे निर्णय आहेत. चालकाला ते निर्णय घेण्यापूर्वी काय शिकवले गेले आणि काय विचारले गेले, हा प्रश्न म्हणूनच महत्त्वाचा ठरतो.

कायद्याची अपेक्षा आणि वास्तव

मोटार वाहन अधिनियम १९८८ अन्वये चाचणी उत्तीर्ण झाल्याखेरीज कोणालाही शिकाऊ परवाना देता येत नाही. ही चाचणी कशाची असावी, हे केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधील अकराव्या नियमाने सांगितले आहे. त्यात चार विषय आहेत. वाहतुकीची चिन्हे, सिग्नल आणि रस्त्याचे नियम हा पहिला. आपल्या वाहनाने अपघात होऊन कोणी मरण पावले, जखमी झाले अथवा मालमत्तेचे नुकसान झाले तर चालकाची कर्तव्ये कोणती, हा दुसरा. बिनफाटकाचे रेल्वे क्रॉसिंग ओलांडताना घ्यावयाची खबरदारी हा तिसरा आणि वाहन चालविताना जवळ बाळगावयाची कागदपत्रे हा चौथा. विचारलेल्या प्रश्नांपैकी किमान ६० टक्के प्रश्नांची उत्तरे बरोबर आली की उमेदवाराला पुरेसे ज्ञान आहे, असे मानले जाते.

ही यादी ज्या काळात तयार झाली, त्या काळाच्या खुणा तिच्यावर स्पष्ट दिसतात. ब्रॉडगेज मार्गांवरील बिनफाटकाची सर्व क्रॉसिंग जानेवारी २०१९ अखेर बंद केल्याचे रेल्वेने जाहीर केले. तरीही तो विषय चाचणीच्या चार आधारस्तंभांपैकी एक आहे. त्या मानाने दारू पिऊन वाहन चालविणे, स्टिअरिंगवर मोबाइल हाताळणे, झोपेची गुंगी, अतिवेग यांना या यादीत स्वतंत्र स्थान नाही. ते सारे ‘रस्त्याचे नियम’ या मोघम शब्दांत सामावून घ्यायचे. यादी तयार झाली तेव्हा मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग नव्हता, मोबाइल नव्हता आणि नागपूरहून मुंबईकडे जाणाऱ्या ७०१ किलोमीटरच्या समृद्धी महामार्गाची तर कोणी कल्पनाही केली नसेल. आता जून २०२५ पासून तो मार्ग पूर्ण लांबीने खुला आहे. तासाला शंभर-एकशेवीस किलोमीटर वेगाने धावणाऱ्या वाहनांत कोणत्या मार्गिकेतून जावे, थांबायचे झाल्यास कोठे थांबावे, टायर किती तापू द्यावेत, याचे ज्ञान नवख्या चालकाला असणे आता जीवनमरणाचा प्रश्न झाला आहे.

साठ टक्क्यांच्या कसोटीतही एक खोच आहे. पंधरांपैकी सहा उत्तरे चुकली तरी उमेदवार उत्तीर्ण होतो. पण ती सहा कोणती, हे कोणी विचारत नाही. परवान्यासोबत कोणती कागदपत्रे हवीत हे न सांगता आलेला आणि लाल दिव्याला कोठे थांबायचे हे न सांगता आलेला, हे दोघे या परीक्षेत सारखेच ठरतात. जर्मनीत याच स्वरूपाच्या लेखी परीक्षेत प्रत्येक प्रश्नाला त्यातील धोक्यानुसार वेगळे गुण असतात आणि अत्यंत गंभीर मानल्या गेलेल्या दोन प्रश्नांची उत्तरे चुकली तर बाकी सारे बरोबर असूनही उमेदवार अनुत्तीर्ण होतो. ब्रिटनमध्ये पन्नासपैकी त्रेचाळीस उत्तरे बरोबर यावी लागतात. शिवाय २००२ पासून तेथे उमेदवाराला रस्त्यावरील चित्रफिती दाखवून पुढे निर्माण होणारा धोका तो किती लवकर ओळखतो, हेही तपासले जाते. परदेशातले सारे आपल्याकडे जसेच्या तसे आणावे, असे कोणी म्हणणार नाही. तेथील रस्त्यांवर बैलगाडी, हातगाडी आणि पालखीची दिंडी एकाच वेळी नसते. परंतु कोणती चूक जीव घेऊ शकते आणि कोणती नाही, एवढा विवेक तरी परीक्षेत असायला हरकत नाही.

पाठांतराच्या पलीकडे

परीक्षेत सुधारणा व्हायची तेव्हा होईल. आज जो तरुण वा तरुणी या चाचणीला बसणार आहे, त्यांनी तयारी कशी करावी? प्रश्नसंचातील उत्तरे पाठ करून परवाना मिळतो, हे खरे. पण पाठ केलेले उत्तर चौकात आठवत नाही. त्यामागचे कारण समजलेले असेल तर ते आठवावे लागत नाही.

चिन्हांचेच उदाहरण घेऊ. शेकडो चिन्हांचा तक्ता पाहून छाती दडपते. वस्तुतः त्यात एक साधे तर्कशास्त्र आहे. लाल कडेचे वर्तुळ म्हणजे मनाई किंवा मर्यादा. निळे वर्तुळ म्हणजे सक्तीची सूचना. लाल कडेचा त्रिकोण म्हणजे पुढच्या धोक्याचा इशारा. निळा चौकोन म्हणजे माहिती. या आकारभाषेतून दोन चिन्हे मुद्दाम वेगळी ठेवलेली आहेत. ‘थांबा’ हे चिन्ह अष्टकोनी असते आणि ‘मार्ग द्या’ हे उलट्या त्रिकोणाचे. धुळीने माखले, रंग उडाला किंवा मागच्या बाजूने पाहिले तरी ही दोन चिन्हे केवळ आकारावरून ओळखता यावीत, हा त्यामागचा हेतू. एवढे कळले की तक्त्यातील निम्मी चिन्हे पाठ न करताच लक्षात राहतात.

अग्रक्रमाच्या नियमांचेही तसेच आहे. मोटार वाहन (वाहन चालविणे) विनियम २०१७ मध्ये अमलात आले आणि त्यांनी १९८९ च्या जुन्या विनियमांची जागा घेतली. सिग्नल वा पोलीस नसलेल्या चौकात उजवीकडून येणाऱ्या वाहनाला आधी जाऊ द्यावे. वाहतूक बेटाभोवती आधीपासून वळणाऱ्या वाहनांना प्राधान्य द्यावे. अरुंद घाटरस्त्यावर उतरणाऱ्याने चढणाऱ्यासाठी थांबावे. हे शेवटचे सूत्र ताम्हिणी, आंबोली वा कुंभार्ली घाटातून जाणाऱ्या प्रत्येकाने मनावर कोरून ठेवावे असे आहे. चढावर थांबलेले, भरलेले वाहन पुन्हा उचलणे अवघड असते आणि ते मागे घसरण्याचा धोका असतो. उतरणाऱ्याला थांबून बाजू देणे तुलनेने सोपे असते. नियम हा असा अनुभवातून आलेला शहाणपणा असतो. तो आपल्याला अडविण्यासाठी कोणी कार्यालयात बसून लिहिलेला नसतो.

वेगाच्या प्रश्नाकडे गणिताच्या नजरेने पाहिले तर आणखी स्पष्टता येते. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारे वाहन एका सेकंदात जवळजवळ १७ मीटर अंतर कापते. समोर मूल धावत आले, हे डोळ्यांनी पाहून पाय ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद सहज जातो. म्हणजे ब्रेक लागण्यापूर्वीच वाहन पाच मोटारी एकामागे एक उभ्या कराव्यात, त्याच्या आसपास अंतर पुढे गेलेले असते. त्यानंतर वेग दुप्पट असेल तर थांबण्यासाठी लागणारे अंतर दुप्पट होत नाही, ते चौपट होते. ओल्या रस्त्यावर त्याहूनही अधिक. ‘पुढील वाहनापासून सुरक्षित अंतर ठेवावे’ या प्रश्नसंचातील निरुपद्रवी वाक्यात हे सारे दडलेले आहे. पहिल्या पावसात डांबरावरचे तेल आणि धूळ एकत्र होऊन रस्ता साबणासारखा होतो, हे दुचाकी चालविणाऱ्या प्रत्येक मराठी माणसाला कोणी ना कोणी सांगितलेले असते. परीक्षेच्या तयारीत त्याची जोड या वाक्याशी घालता आली पाहिजे.

सिग्नलबाबतही अर्धवट माहितीचा सुकाळ आहे. पिवळा दिवा म्हणजे ‘वेग वाढवून निघून जा’, असाच त्याचा अर्थ आपल्या चौकांत लावला जातो. प्रत्यक्षात सुरक्षितपणे थांबता येत असेल तर थांबा रेषेच्या अलीकडे थांबा, असे तो सांगतो. लुकलुकणारा लाल दिवा म्हणजे पूर्ण थांबून, रस्ता मोकळा असल्याची खात्री करून मग पुढे जाणे. लुकलुकणारा पिवळा म्हणजे वेग कमी करून सावधपणे जाणे. रात्री उशिरा सिग्नल पिवळ्यावर टाकले जातात तेव्हा चौक ‘मोकळा’ झाला, असे समजून भरधाव जाणारे किती तरी जण परवानाधारकच असतात.

अपघातानंतरचे कर्तव्य

चाचणीच्या चार विषयांत दुसरा विषय अपघातानंतरच्या कर्तव्यांचा आहे. पाठांतर करणारे तो सर्वांत आधी सोडून देतात. अधिनियमाच्या कलम १३४ नुसार जमावाच्या रोषामुळे किंवा आवाक्याबाहेरच्या अन्य कारणामुळे शक्य नसेल तेवढे वगळता, चालकाने जखमीला नजीकच्या डॉक्टरकडे वा रुग्णालयात नेण्यासाठी सर्व वाजवी प्रयत्न केले पाहिजेत आणि पोलिसांना लवकरात लवकर, उशिरात उशिरा चोवीस तासांच्या आत, माहिती दिली पाहिजे. विमा कंपनीलाही घटना कळविणे त्याचे कर्तव्य आहे.

जानेवारी २०२४ च्या पहिल्या आठवड्यात देशभर ट्रकचालकांनी चक्का जाम केला, पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या, ते आंदोलन याच विषयावर होते. भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ मधील दुसऱ्या उपकलमात, निष्काळजीपणे वाहन चालवून मृत्यूस कारणीभूत झाल्यावर पोलिसांना वा दंडाधिकाऱ्यांना न कळवता पळून जाणाऱ्यास दहा वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद होती. संहिता १ जुलै २०२४ रोजी लागू झाली तेव्हा हे उपकलम मात्र राखून ठेवण्यात आले. थांबलो तर जमाव मारील आणि पळालो तर कायदा, हा चालकांचा युक्तिवाद सर्वस्वी निराधार नव्हता. परंतु जमावाच्या भीतीने जखमीजवळ थांबता आले नाही तरी पोलीस ठाण्यात जाऊन माहिती देण्याचा मार्ग जुन्या कायद्यानेच मोकळा ठेवला होता, हे त्या वेळी किती चालकांना माहीत होते? शिकाऊ परवान्याच्या वेळी हा प्रश्न खरोखर समजावून सांगितला गेला असता तर देशातील त्या चर्चेचा सूर कदाचित वेगळा लागला असता.

वाटसरूंचीही यात भूमिका आहे. जखमीला मदत करणाऱ्याला पोलिसांचा ससेमिरा नको, यासाठीची मार्गदर्शक तत्त्वे सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१६ मध्ये बंधनकारक केली आणि २०१९ च्या दुरुस्तीने कलम १३४ ‘अ’ द्वारे मदतकर्त्याला कायद्याचेच संरक्षण मिळाले. मे २०२५ पासून अपघातग्रस्ताला सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांच्या मर्यादेत विनारोकड उपचारांची योजनाही अधिसूचित झाली आहे. प्रत्येक नव्या चालकाला हे माहीत असेल तर अपघातानंतरच्या पहिल्या तासात वाचू शकणारे जीव वाचतील.

घरबसल्या परीक्षा: सोय आणि शंका

१४ जून २०२१ रोजी महाराष्ट्रात आधार क्रमांकाच्या साह्याने घरबसल्या शिकाऊ परवाना देण्याची सेवा सुरू झाली. करोनाचा काळ होता आणि कार्यालयांतील गर्दी टाळणे आवश्यकच होते. त्यापूर्वीची स्थिती आठवून पाहिली तर या सुधारणेचे स्वागतच करावे लागेल. तालुक्याच्या गावातील तरुणाला एका चाचणीसाठी जिल्ह्याच्या ठिकाणी खेटे घालावे लागत. वेळेच्या आरक्षणासाठी आठवडेच्या आठवडे थांबावे लागे आणि त्या प्रतीक्षेतूनच दलालांचा धंदा फोफावला होता. शासनाने ठरविलेले शुल्क प्रत्येक वाहन प्रकारासाठी दीडशे रुपये आणि चाचणीचे पन्नास. प्रत्यक्षात मोजावी लागणारी रक्कम अनेकदा त्याच्या कित्येक पट असे. घरातल्या संगणकावरून चाचणी देता येणे हा त्या जाचातून सुटकेचा मार्ग होता.

परंतु सोयीबरोबर एक प्रश्नही घरात आला. पडद्यासमोर बसलेल्या उमेदवाराला बाजूने उत्तरे कोण सांगते, याची खातरजमा दूरच्या कार्यालयाला कशी करता येणार? आधारद्वारे ओळख पटते. ज्ञान पटत नाही. चाचणीपूर्वी रस्ता सुरक्षेची चित्रफीत पाहणे बंधनकारक आहे. ती पडद्यावर चालू राहते आणि उमेदवार तोवर जेवून येतो, हेही घडते. सायबर कॅफेत वा एजंटाच्या कार्यालयात बसून दुसऱ्यानेच चाचणी ‘सोडवून’ दिल्याच्या तक्रारी वेळोवेळी पुढे आल्या आहेत. म्हणजे दलाल गेला नाही. त्याने फक्त परिवहन कार्यालयाच्या फाटकापासून संगणकापर्यंत स्थलांतर केले.

येथे पालकांनी आणि उमेदवारांनी एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. अकरावीच्या परीक्षेत कॉपी केली तर नुकसान आपले होते. या परीक्षेत कॉपी केली तर त्याची किंमत झेब्रा पट्ट्यावरून जाणारा अनोळखी माणूस मोजतो.

सोळाव्या वर्षाचा पेच

सर्वाधिक गैरसमज आहे तो वयाबाबत. अठरा वर्षे पूर्ण झाल्यावर मोटारसायकल वा मोटारीचा परवाना मिळतो, वाहतुकीच्या व्यावसायिक वाहनांसाठी वय वीस लागते. सोळाव्या वर्षी पालकांच्या संमतीने जो परवाना मिळतो, तो ५० सीसीपर्यंतच्या विनागिअर दुचाकीसाठी. आता अशा दुचाकी बाजारातून जवळजवळ हद्दपार झाल्या आहेत. साहजिकच सोळा वर्षांची मुले हा परवाना खिशात ठेवून ११० किंवा १२५ सीसीच्या स्कूटरवरून शिकवणीला जातात आणि ‘परवाना आहे’ म्हणून घरचे निश्चिंत असतात.

ही निश्चिंती फसवी आहे. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १९९ ‘अ’ प्रमाणे अल्पवयीनाने वाहन चालवून गुन्हा केल्यास पालक किंवा वाहनमालक दोषी मानला जातो. तीन वर्षांपर्यंत कारावास आणि २५ हजार रुपये दंड, वाहनाची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द आणि त्या मुलाला वयाच्या पंचविसाव्या वर्षापर्यंत परवाना नाही, इतकी ती तरतूद कठोर आहे. मुलाकडे शिकाऊ परवाना असेल तर पालकांना सूट आहे. पण ज्या वाहनासाठी परवाना आहे तेच वाहन तो चालवीत असेल तर. ५० सीसीच्या परवान्यावर १२५ सीसीची गाडी देणाऱ्या पालकांना या सुटीचा आधार मिळत नाही. कायद्यातील ५० सीसीची अट कालबाह्य झाली असेल तर ती बदलण्याची चर्चा खुलेपणाने व्हावी. तोवर तिच्याकडे डोळेझाक करणे हा पर्याय असू शकत नाही.

१९ मे २०२४ च्या पहाटे पुण्यातील कल्याणीनगरात अल्पवयीन मुलगा चालवीत असलेल्या भरधाव मोटारीने दोन तरुण अभियंत्यांचा बळी घेतला आणि या प्रश्नाचे गांभीर्य सर्वांसमोर आले. त्या मुलाला जामीन देताना बाल न्याय मंडळाने रस्ते अपघातांवर तीनशे शब्दांचा निबंध लिहिण्याची अट घातली, तेव्हा राज्यभर संताप उसळला. तीन दिवसांत तो आदेश बदलावा लागला. संताप योग्यच होता. पण जी गोष्ट अपघातानंतर लिहायला सांगणे आपल्याला हास्यास्पद वाटले, ती अपघातापूर्वी समजून घ्यायला आपण आपल्या मुलांना सांगतो का, हेही विचारले पाहिजे.

सहा महिन्यांचा अर्थ

शिकाऊ परवाना सहा महिने वैध असतो आणि किमान तीस दिवस उलटल्यावर पक्क्या परवान्याची प्रत्यक्ष चाचणी देता येते. मधला काळ कशासाठी आहे, हे त्याच्या अटींवरून दिसते. वाहनाच्या पुढे आणि मागे पांढऱ्या पार्श्वभूमीवर लाल रंगाचे ‘एल’ हे अक्षर हवे. शेजारी त्या प्रकारच्या वाहनाचा पक्का परवाना असलेली आणि प्रसंगी वाहन थांबवू शकेल अशी व्यक्ती हवी. दुचाकीवर मागे शिकविणाऱ्याखेरीज कोणालाही बसविता येत नाही. या अटी पाळून शिकणारा तरुण किती ठिकाणी दिसतो? ‘एल’ची पाटी लावणे आपल्याकडे कमीपणाचे मानले जाते आणि शिकाऊ परवाना मिळाला की त्याच दिवशी मैत्रिणीला मागे बसवून गाडी सिंहगडाच्या वा लोणावळ्याच्या दिशेने निघते.

शिकाऊ परवाना हा कायद्याच्या दृष्टीने परवानाच आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २००४ मधील स्वर्ण सिंग प्रकरणात स्पष्ट केले. चालकाकडे केवळ शिकाऊ परवाना होता, एवढ्या कारणावरून विमा कंपनीला अपघातग्रस्ताची भरपाई नाकारता येत नाही. पीडितांसाठी तो मोठा दिलासा ठरला. याची दुसरी बाजू अशी की, ज्या कागदाला न्यायालय पूर्ण परवान्याचे वजन देते, तो देताना शासनानेही तितक्याच वजनाची परीक्षा घेतली पाहिजे.

काय करता येईल?

पहिली गोष्ट, घरबसल्या अर्जाची सोय ठेवून चाचणी मात्र देखरेखीखाली घ्यावी. त्यासाठी पुन्हा परिवहन कार्यालयाचेच उंबरठे झिजविण्याचे कारण नाही. तालुक्याच्या औद्योगिक प्रशिक्षण संस्था आणि महाविद्यालयांतील संगणक कक्ष सुटीच्या दिवशी यासाठी वापरता येतील. दुसरी, प्रश्नांना धोक्यानुसार गुण द्यावेत आणि सिग्नल, वेग, मद्यपान, पादचाऱ्यांचा अग्रक्रम यांवरील प्रश्न चुकल्यास उमेदवाराला पुन्हा बसवावे. तिसरी, अकराव्या नियमातील विषयांची यादी आजच्या रस्त्यांना अनुसरून नव्याने लिहावी. चौथी, व्यावसायिक वाहनांसाठी आठवी उत्तीर्ण असण्याची अट २०१९ मध्ये काढून टाकण्यात आली. रोजगाराच्या दृष्टीने तो निर्णय समजण्यासारखा आहे. पण मग कमी शिकलेल्या उमेदवाराला प्रश्न ऐकून, चित्र पाहून, सोप्या मराठीत उत्तर देता येईल, अशी व्यवस्था करणे हे शासनाचे कर्तव्य ठरते. ज्याला वाचता येत नाही त्याच्या वतीने दुसऱ्याने बटणे दाबणे, हा त्यावरचा उपाय नव्हे.

यातील बहुतेक गोष्टी केंद्राच्या नियमांशी निगडित आहेत आणि त्या होण्यास वेळ लागेल. घरात मात्र आजच काही करता येते. परिवहन खात्याच्या संकेतस्थळावर मराठीतून सराव चाचणी देण्याची सोय आहे. ती मुलाने एकट्याने सोडवावी आणि नंतर चुकलेल्या प्रत्येक उत्तराचे कारण घरातील जाणत्या चालकाने त्याच्यासोबत बसून शोधावे. त्या निमित्ताने वीस-पंचवीस वर्षे वाहन चालविणाऱ्या वडिलांची किंवा आईची किती उत्तरे चुकतात, हेही कळेल आणि ते कळणे घरासाठी हितावहच ठरेल. एखाद्या रविवारी घरापासून मुख्य रस्त्यापर्यंत पायी चालत जावे आणि वाटेत दिसणारे प्रत्येक चिन्ह, प्रत्येक पट्टा, प्रत्येक रेषा काय सांगते हे मुलाला विचारावे. पायी चालताना रस्ता जसा दिसतो तसा तो काचेआडून दिसत नाही. ज्याने तो एकदा पादचाऱ्याच्या नजरेने पाहिला, तो झेब्रा पट्ट्याजवळ वेग कमी करण्याची शक्यता अधिक.

परवाना हा वाहन चालविण्याचा हक्क आहे, अशी आपली समजूत झाली आहे. कायद्याच्या भाषेत ती अनुज्ञप्ती आहे, म्हणजे इतरांनी आपल्यावर ठेवलेल्या विश्वासापोटी मिळालेली अनुमती. समोरून येणारा अनोळखी चालक आपल्या बाजूनेच येईल, लाल दिव्याला थांबेल, शाळेसमोर वेग कमी करील, या विश्वासावरच रोज कोट्यवधी माणसे घराबाहेर पडतात. तो विश्वास पंधरांपैकी नऊ उत्तरांवर सोपविण्याइतका स्वस्त नाही. उरलेल्या सहा प्रश्नांची उत्तरेही शोधण्याची जबाबदारी परवाना घेणाऱ्याची आहे आणि ते प्रश्न नीट विचारण्याची जबाबदारी परवाना देणाऱ्याची.